रिकाम्या वेळेचा हिशेब

वेबवरचं एखादं ॲप्लिकेशन रेंगाळू लागलं की पहिला संशय सर्व्हरच्या ताकदीवर जातो आणि मेमरी वाढवा, मोठं मशीन घ्या, असे सल्ले मिळू लागतात. अशा अनेक ॲप्लिकेशनांचा प्रोसेसर मात्र बराच वेळ रिकामा असतो. डेटाबेसचं उत्तर यायचं असतं, बँकेच्या सर्व्हरचा होकार यायचा असतो. प्रोसेसर सेकंदाला अब्जावधी सूचना पार पाडतो. मुंबईहून अमेरिकेतल्या सर्व्हरला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर यायला मात्र सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज जातो. उत्तराची वाट पाहताना दुसरं काम हाती घेणाऱ्या हलक्या असिंक्रोनस फ्रेमवर्कचा उपयोग या रिकाम्या वेळेपुरता आहे, आणि तेवढ्याच कसोटीवर ते निवडावं, असं माझं म्हणणं आहे.

एकाच मशीनने एका वेळी दहा हजार ग्राहक कसे सांभाळायचे, हा प्रश्न प्रोग्रामर डॅन केगेल यांनी 1999 मध्ये मांडला. तेव्हाची रूढ पद्धत म्हणजे दर जोडणीमागे एक थ्रेड किंवा प्रोसेस. प्रत्येकाला मेमरी लागते आणि ऑपरेटिंग सिस्टिमला त्यांच्यात सतत अदलाबदल करावी लागते. यावर निघालेला तोडगा म्हणजे इव्हेंट लूप: थ्रेड एकच, आणि ज्या जोडणीवर काही घडलं असेल तेवढीच तो हाताळतो. इगोर सिसोएव यांचा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर 2004 मध्ये याच तत्त्वावर आला. 2009 मध्ये रायन डाल यांचं जावास्क्रिप्टमधलं नोड आणि पायथनमधलं टॉर्नेडो आलं. टॉर्नेडो मुळात फ्रेंडफीड या सोशल नेटवर्कसाठी लिहिलेलं होतं. मित्राने काही टाकलं की ते समोरच्या पानावर लगेच दिसावं, म्हणून प्रत्येक उघडं पान सर्व्हरशी जोडणी धरून ठेवायचं. जोडण्या हजारोंनी, पण बहुतेक वेळ शांत. अशा कामाला थ्रेडमागून थ्रेड खर्च करणं ही शुद्ध उधळपट्टी झाली असती.

आता कोडमध्ये जरा जवळून पाहू. 2015 च्या पायथन 3.5 पासून 'असिंक' आणि 'अवेट' भाषेच्या व्याकरणातच आले. 'अवेट' लिहिलं की फंक्शन सांगतं, उत्तर येईपर्यंत मी थांबतो, तोवर इतरांचं काम करा. पण त्याच फंक्शनमध्ये कुणी साधं 'टाइम डॉट स्लीप' पाच सेकंदांसाठी लिहिलं, तर ते पाच सेकंद त्या लूपवरचे सगळेच ग्राहक ताटकळतात. दुसऱ्या सर्व्हरला विनंती पाठवणारी 'रिक्वेस्ट्स' ही लोकप्रिय लायब्ररी इथे वापरली तरी हेच होतं; त्याऐवजी 'एआयओएचटीटीपी'सारखी हवी. एकट्याने चाचणी घेताना ही चूक जाणवतही नाही, गर्दी झाली की उघडी पडते. म्हणूनच मला ती फार धोक्याची वाटते.

आक्षेप असा येतो की मशीन स्वस्त झाली आहेत, थ्रेड पुरतात, मग हा खटाटोप कशाला? दोनशे कर्मचाऱ्यांच्या रजेच्या अर्जांसाठी हे अगदी खरं आहे. तिथे फ्लास्क किंवा जँगो हे पायथनचं फ्रेमवर्क नेहमीच्या पद्धतीने वापरावं. एकट्या विनंतीचा वेगही असिंक्रोनस झाल्याने आपोआप वाढत नाही, आणि फोटो लहान करण्यासारखं प्रोसेसरचं जड काम लूपवर ठेवलं तर उलट सगळंच तुंबतं. ते वेगळ्या प्रोसेसकडे द्यावं लागतं. दुसरा आक्षेप गुंतागुंतीचा. एक फंक्शन असिंक केलं की त्याला बोलावणारं, मग त्यालाही बोलावणारं, अशी साखळी वरपर्यंत बदलत जाते. ही किंमत खरीच आहे. तिच्या बदल्यात मिळतं ते मात्र क्वचितच सांगितलं जातं: काम एकाकडून दुसऱ्याकडे जातं ते फक्त 'अवेट'पाशी. दोन 'अवेट'च्या मधल्या ओळींत त्याच लूपवरचं दुसरं काम घुसू शकत नाही. थ्रेडमध्ये ही अदलाबदल कुठेही होऊ शकते, आणि त्यातून होणाऱ्या चुका शोधताना जाणकारही जेरीस येतात.

तेव्हा फ्रेमवर्क ठरवण्याआधी आपलं ॲप्लिकेशन नेमकं कुठे आणि किती थांबतं, ते मोजा. असिंक्रोनस मार्ग धरलाच असेल, तर विकासाच्या काळात पायथनच्या 'असिंकआयओ'चा डीबग मोड सुरू ठेवा. लूपला 100 मिलिसेकंदांपेक्षा जास्त अडवून धरणाऱ्या कामाची नोंद तो लॉगमध्ये करतो.