दुःखाच्या दारी जाताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मंडळाचा वाढदिवस. मी चार शब्द बोलावे असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, त्यामुळे माझ्याकडून विद्वत्तेची अपेक्षा कोणी करू नये. मी विषयही आपल्या घरादारातलाच घेतला आहे. एखाद्या घरावर एकाएकी घाला पडतो, तेव्हा त्या घरी धीर द्यायला कोणी जावे आणि जाण्याआधी काय शिकून घ्यावे, एवढेच मला सांगायचे आहे.

तुम्ही म्हणाल, यात शिकायचे ते काय? कुणाकडे वाईट झाले की आपण भेटायला जातोच. भाकरी-पिठले नेतो, रडणारीच्या गळ्यात पडतो. खरे आहे, आणि ही आपली चाल मोलाची आहे. शहरात शेजारच्याला शेजारी ठाऊक नसतो. आपल्याकडे दुखवट्याच्या घरची चूल पेटत नाही म्हणून दहा घरची भाकरी येते. तरीपण याच चालीत एक काटा दडलेला आहे.

आपले तिसगाव कल्याण–विशाखापट्टणम महामार्गावर. गाड्यांची वर्दळ रात्रंदिवस. काही वर्षांपूर्वी याच रस्त्यावर माझ्या जावेचा थोरला मुलगा मोटारसायकलवरून जाताना गेला. त्या दिवसापासून माणसांची रीघ लागली. येणारी प्रत्येक बाई विचारी, "कसं गं झालं? कुठं लागलं? काही बोलला का?" जाऊबाई बिचाऱ्या प्रत्येकीला पहिल्यापासून सांगत. तिसऱ्या दिवशी त्यांची वाचाच बसली. शून्यात बघत बसल्या. तेव्हा आमच्या गल्लीतली एक म्हातारी आली. तिने काही विचारले नाही. आधी म्हशीची धार काढली, धाकट्या नातीची वेणी घातली, मग जाऊबाईंच्या शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन बसली. दुपार कलली तेव्हा जाऊबाई आपण होऊन पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "आत्याबाई, जरा पडते." तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांचा डोळा लागला.

त्या म्हातारीला जे उपजत येत होते, ते आता जगात शास्त्र म्हणून शिकवतात. जखमेवर डॉक्टर येईपर्यंत प्रथमोपचार करतात, तसाच हा मनाचा प्रथमोपचार. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली यावर एक मार्गदर्शिका काढली. तिचे सार तीन शब्दांत आहे: पाहा, ऐका, जोडा.

पाहा म्हणजे घरात शिरताच नजर फिरवावी. कोणाला लागले आहे का? लेकरे कोणाजवळ आहेत? कोण सुन्न बसले आहे? कोणाचे रोजचे औषध राहिले आहे? ऐका म्हणजे ती बोलली तर ऐकावे, मध्ये तोडू नये. गप्प राहिली तर आपणही गप्प राहावे. जोडा म्हणजे तिला तिच्या माणसांशी, दवाखान्याशी, तलाठ्याशी, जिथून मदत मिळेल तिथे जोडून द्यावे.

खोदून विचारू नये, हा यातला पहिला नियम. पूर्वी परदेशांत अशी पद्धत होती की अपघातातून वाचलेल्यांना लगेच एकत्र बसवून सगळी हकिगत त्यांच्याकडून वदवून घ्यायची. पुढे अभ्यासात दिसले की त्याने गुण येत नाही, उलट काहींचा त्रास वाढतो. म्हणून आता जागतिक आरोग्य संघटनाही तसे करू नका असे सांगते. ओली खपली काढली तर रक्तच येणार. "देवाची मर्जी", "दुसरं मूल होईल", "माझ्या भावाचं तर याहून वाईट झालं" ही वाक्येही घरीच ठेवून जावीत. त्याऐवजी "मी इथं आहे, काय करू सांगा," एवढे पुरते. जे आपल्या हातात नाही त्याचे वचन देऊ नये. सरकारी मदत मिळेलच, असे सांगणारे आपण कोण?

हे काम आपल्या दारात किती वेळा आले, ते आठवा. २०२० सालच्या ऑक्टोबरात मढी, केळवंडी आणि शिरापूर या आपल्या तालुक्यातल्या गावांत बिबट्याने लहान लेकरे नेली. तेव्हा किती घरांत लेकरे संध्याकाळी दाराबाहेर पाऊल टाकीनात! पुढच्याच वर्षी, ६ नोव्हेंबर २०२१ रोजी, ऐन भाऊबिजेला, नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि अकरा रुग्ण दगावले. ओवाळायचे ताट घरी तयार आणि भाऊ असा गेला. अशा बहिणीपाशी काय बोलावे, हे आपल्याला कोणी शिकवले आहे?

लेकरांच्या बाबतीत तर फार जपावे. घाबरलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करते, आईचा पदर सोडत नाही, बोलेनासे होते. त्याला रागावू नये. खोटेही सांगू नये. साध्या शब्दांत खरे सांगावे, जवळ झोपवावे, आणि शाळा, खेळ, जेवण यांच्या वेळा होता होईल तो पूर्वीसारख्या ठेवाव्यात.

हे आपल्यासारख्या बायकांच्याने होईल का? लातूरकडे पाहा. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून दमलेली माणसे झोपेत होती आणि चारच्या सुमारास किल्लारी भागात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे गेली. त्यानंतर घरे दुरुस्त करण्याच्या कामी स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेमार्फत गावोगावच्या बायका संवाद सहायक झाल्या. सरकारचे म्हणणे गावाला आणि गावाचे सरकारला पोहोचवणे हे त्यांचे काम. जोडणे म्हणतात ते हेच. पुढे २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादकडच्या बायका तिथल्या बहिणींना भेटायला गेल्या. भाषा वेगळी, पण दुःख एकच.

आणि इतके लांब कशाला? आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली काम सुरू केले. खेड्यातल्या बायका, कित्येक तर निरक्षर, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. त्या सेविकांनी बाळंतपणे केली, लेकरे वाचवली. तेव्हा सातवी शिकलेलीने मागे सरण्याचे कारण नाही.

म्हणून माझी मंडळाला सूचना आहे. दहाजणींची एक तुकडी करावी. चार दुपारी शिकण्यासाठी काढाव्यात. आशाताईंना आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलवावे. भजनाच्या आधी जसा सराव करतो तसा याचाही करावा. एकीने दुःखी बाईचे सोंग घ्यावे, दुसरीने तिच्यापाशी बसावे, बाकीच्यांनी कुठे चुकते ते सांगावे. पाच मिनिटे न बोलता बसण्याचा सराव तर जरूर करावा. आपल्याला तो सर्वांत जड जाणार! (हशा)

जाताना दोघींनी मिळून जावे. जिच्या घरचे दुःख अजून ताजे आहे तिला पाठवू नये. तिथे ऐकलेले पाणवठ्यावर आणू नये. एकदा जरी बोभाटा झाला तरी पुन्हा कोणी आपल्याला दार उघडणार नाही. परत आल्यावर दोघींनी चहा घ्यावा आणि मन मोकळे करावे, कारण दुसऱ्याचे दुःख वाहणारीचाही खांदा दुखतो.

आपली मर्यादाही ओळखावी. महिना उलटला तरी झोप नाही, जेवण नाही, कामात हात चालत नाही, घरचा पुरुष दारूला लागला, तर डॉक्टरकडे न्यावे. "मला जगायचंच नाही" असे कोणी म्हटले तर त्या माणसाला एकटे सोडू नये, ताबडतोब दवाखाना गाठावा. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे. तो २०२२ सालापासून चालू आहे, फुकट आहे, आणि त्यावर मराठीत बोलता येते. प्रत्येकीने तो चुलीमागच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

भगिनींनो, हळदीकुंकू, सहली, पाककृतींच्या स्पर्धा आपण करतोच, पुढेही करू. पण ज्या दिवशी गावात एखाद्या दारी आकांत होईल, त्या दिवशी "मंडळातल्या बाया आल्या" एवढे ऐकून त्या घराला धीर यावा, अशी माझी इच्छा आहे. ज्या दहाजणी तयार असतील त्यांनी आजच चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत. पहिले नाव माझे लिहावे.