घाटातला काटा

ताप अंगावर काढू नये म्हणतात. गाडीचेही तसेच आहे. माझ्या धाकट्या भावाच्या ऑटोमॅटिक ट्रकचा गिअरबॉक्स खंबाटकीच्या चढावर जळाला. इंजिनाचा काटा मात्र शेवटपर्यंत जागेवर! टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेल घुसळून तापते, ते त्या काट्याला कुठून कळणार?

मग गिअरबॉक्सच्या तेलासाठी वेगळे मीटर बसवले. सेन्सर चेंबरमध्ये लावला, तर एकूण तेलाचे तापमान कळते. कूलरकडे जाणाऱ्या नळीत लावला, तर चढाचा ताप लगेच दिसतो. एकतारी सेन्सरच्या आट्यांवर टेप फार गुंडाळू नये. अर्थिंग तुटते नि काटा खोटे बोलतो.

काटा १२० अंश सेल्सिअसकडे सरकला, की भाऊ गाडी बाजूला घेतो, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवतो. थोडा उशीर होतो खरा. पण गाडी घरी येते.