जुन्या संगणकाला नवे बळ
(उमापूर येथे पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



मागच्या वर्षी गावातले एक चाचा मला भेटले. मुलगी बारावी सायन्सला. घरी कुणीतरी दिलेला जुना संगणक, पण तो इतका मंद की मुलगी रडकुंडीला यायची. चाचांनी विचारले, "सर, दोन शेळ्या विकून नवा घेऊ का?" मी म्हणालो, "चाचा, शेळ्या दावणीलाच राहू द्या. आधी पेटी उघडून पाहू." त्या पेटीत जे दिसले, तेच आज आपल्यापुढे मांडतो.

प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू. तो मदरबोर्डवर ज्या चौकोनी जागेत बसतो, तिला सॉकेट म्हणतात. चाचांच्या संगणकात एलजीए ११५५ हे सॉकेट होते. इंटेल कंपनीने ते २०११ साली आणले. नावाप्रमाणे त्यात ११५५ नाजूक पिना असतात. त्यावर इंटेल कोअरच्या दुसऱ्या आणि २०१२ साली आलेल्या तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर बसतात. २०१३ साली चौथी पिढी आली, तिचे सॉकेट ११५० पिनांचे. दोन्ही दिसायला जुळी भावंडे, पण एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही. म्हणून दुकानात नुसते "आय-फाइव्ह द्या" म्हणणे म्हणजे पायाचे माप न सांगता चप्पल मागणे होय. आय-फाइव्ह ३४७० या नावातला पहिला आकडा ३, म्हणजे तिसरी पिढी. तो आपल्या उपयोगाचा. आकडा ४ असेल तर पैसे वाया गेले असे समजा.

चाचांच्या संगणकात दोन कोअरचा साधा पेंटियम होता. त्याच जागी चार कोअरचा आय-फाइव्ह ३४७० किंवा आय-सेव्हन ३७७० बसू शकतो. हे प्रोसेसर आता जुन्या बाजारातच मिळतात. परंतु एच६१ चिपसेटच्या अनेक जुन्या बोर्डांना तिसरी पिढी ओळखू येण्यासाठी आधी बायोस अद्ययावत करावे लागते. ते काम जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करायचे. त्या दोन-चार मिनिटांत वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. आपल्याकडची वीज आपणांस ठाऊक आहेच! म्हणून इन्व्हर्टर किंवा यूपीएस असल्याशिवाय हात लावू नये.

दुसरी सूचना माझ्या स्वतःच्या चुकीतून देतो. एकदा घाईने प्रोसेसर तिरपा ठेवला आणि चार पिना वाकल्या. बोर्ड गेला. प्रोसेसरच्या कडेच्या खाचा जुळवाव्यात, तो अलगद ठेवावा. जोर फक्त बाजूच्या दांडीला द्यावा.

आता खर्चाचा क्रम ऐका. आधी जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. मग डीडीआर-३ रॅम ८ जीबीपर्यंत न्या. एवढ्याने भागले नाही, तरच प्रोसेसर. पुष्कळ वेळा मेंदू ठीक असतो, पण डिस्क रखडत असते.

एक मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. विंडोज ११ या पिढ्यांच्या प्रोसेसरना अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणून अशा यंत्रावर लिनक्स घालावे. ते मोफत आहे, आणि त्यात मराठी व उर्दू दोन्ही लिहिता येतात. अभ्यास, टंकलेखन, प्रोग्रामिंग यांसाठी ते पुरेसे आहे. मात्र ज्याला भारी चित्रफीत-संपादन शिकायचे आहे, त्याने या जुन्या बोर्डावर पैसा घालू नये. तो नव्यासाठी साठवावा.

चाचांच्या संगणकात आम्ही एसएसडी आणि रॅम घातली. प्रोसेसर बदलण्याची वेळच आली नाही. पेटीचे स्क्रू मुलीने स्वतः काढले आणि स्वतःच बसविले. आज मोहल्ल्यात कुणाचा संगणक अडला की लोक तिला हाक मारतात. शेळ्या अजून दावणीला आहेत.

पालकहो, वस्तू जुनी झाली म्हणून टाकू नका आणि नवी दिसली म्हणून कर्ज काढू नका. आधी उघडून पाहा, आणि पाहताना लेकरांना शेजारी बसवा.