हंगामी मिळकत आणि घरची कर्जफेड

हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूर परिसरात सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या सुमारास, तर आठ-नऊ महिन्यांच्या हळदीचा पैसा उन्हाळ्यात हाती येतो आणि मधल्या महिन्यांतील किराणा व दवाखाना पुष्कळ घरांत उधारीवर भागतो. अशा घरांनी वर्षाची मिळकत, तीही पडत्या वर्षाची, धरून तिला बाराने भागावे आणि येणाऱ्या आकड्यातच महिन्याचा खर्च बसवावा.

फेडीचा क्रम व्याजदरावरून ठरवणे शहाणपणाचे असते. सावकाराचा शेकडा तीन रुपये महिना हा दर ऐकायला हलका वाटला, तरी त्याचे वर्षाचे व्याज 36 टक्के होते. उलट 3 लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जावर 7 टक्के व्याज असून, ते मुदतीत फेडल्यास व्याज परतावा, म्हणजे सरकारने सोसलेला व्याजाचा वाटा, मिळून दर 4 टक्क्यांवर येतो. म्हणून पीककर्ज थकू न देता उरलेली बहुतेक रक्कम खासगी कर्जाकडे वळवावी. मात्र त्याच वेळी बचतगटात किंवा टपाल खात्यात थोडी शिल्लक टाकणे अत्यावश्यक आहे, कारण ती नसल्यास घरातले पुढचे आजारपण त्याच सावकाराच्या दारी नेते.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 नुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. कर्जापोटी जमीन बळकावली गेली असल्यास संबंधित कुटुंबाने जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी अर्ज अवश्य करावा.