२७ मिनिटांची शांतता



२३ सप्टेंबर १९७६. फिलाडेल्फियाच्या वॉलनट स्ट्रीट थिएटरमध्ये जेराल्ड फोर्ड आणि जिमी कार्टर यांची जाहीर वादसभा संपत आली होती. कार्टर बोलत असतानाच आवाज गेला. दिवे चालू, कॅमेरे चालू, पण देशभरच्या टीव्हीवर शब्द ऐकू येईना. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाचे दोघे उमेदवार २७ मिनिटं आपापल्या जागी उभे राहिले. बिघाड सापडला एका ॲम्प्लिफायरमधल्या कपॅसिटरमध्ये. किंमत जेमतेम पाव डॉलर.

ध्वनी-चित्र व्यवसायात बॅकअप म्हटलं की बोलणं लगेच जनरेटरवर जातं. त्या रात्री कितीही मोठा जनरेटर असता तरी उपयोग शून्य होता. वीज होतीच, आवाजाला दुसरी वाट नव्हती.

३ फेब्रुवारी २०१३ ला न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोम स्टेडियममध्ये अमेरिकी फुटबॉलच्या ‘सुपर बोल’ सामन्याचा उत्तरार्ध नुकता सुरू झाला आणि निम्मं स्टेडियम अंधारलं. समालोचकांचा आवाज प्रक्षेपणातून गेला. संशय गेला मध्यंतरातल्या गायिका बियॉन्सेच्या कार्यक्रमावर. तो तर वेगळ्या जनरेटरवर पार पडला होता. दोष निघाला एका रिलेत, आणि तो बसवला होता वीजपुरवठ्याच्या संरक्षणासाठीच! खेळ ३४ मिनिटं थांबला, कारण मैदानावरचे मेटल हॅलाइड दिवे विझले की गार झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाहीत.

डिजिटल मिक्सरचंही तसंच. अर्ध्या सेकंदाच्या झटक्याने तो बंद पडतो आणि सावरायला कितीतरी पट वेळ घेतो. आपोआप सुरू होणारा जनरेटरही भार उचलायला साधारण १० सेकंद घेतो. ती १० सेकंदं यूपीएसने सांभाळायची. म्हणून यूपीएसवर पहिला हक्क मिक्सर, नेटवर्क स्विच आणि वायरलेस माइकच्या रिसीव्हरचा. एलईडी भिंत जनरेटरची वाट पाहू शकते.

सर्वांत जास्त खटकतं ते मात्र पैसे खर्चूनही होणारं नुकसान. दोन पॉवर सप्लायचं महाग यंत्र घ्यायचं आणि दोन्ही वायरी एकाच एक्स्टेंशन बोर्डात खोचायच्या. नेटवर्कच्या दोन्ही केबल एकाच पाइपातून न्यायच्या. मग खुर्च्यांची एक गाडी वरून गेली की दोन्ही तुटतात. बोर्ड, फेज, स्विच, पाइप यांतलं काहीही सामायिक असेल, तर तिथे अजून एकच वाट आहे.

बॅकअप असूनही दगा होतो, हे मुंबईने शहराच्या मापात पाहिलं आहे. बाहेरचं ग्रिड कोसळलं तरी शहराची वीज टिकावी म्हणून इथे कित्येक दशकांपासून ‘आयलँडिंग’ची व्यवस्था आहे. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी ती तग धरू शकली नाही. लोकल जागच्या जागी थांबल्या.

आपल्या बॅकअपचंही तसंच: यूपीएसवरचा हिरवा दिवा बॅटरीच्या ताकदीची हमी देत नाही. लेड-ॲसिड बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षांत उतरते, रंगमंचामागच्या बंद, तापलेल्या खोलीत त्याच्याही आधी. तालमीच्या दिवशी, प्रेक्षागृह रिकामं असताना, सगळी यंत्रणा चालू ठेवून मेन स्विच खाली ओढावा. काय बंद पडलं, परत यायला किती मिनिटं लागली, हे तारखेसह रॅकच्या दारावर लिहावं. आणि या चाचणीची वेगळी ओळ कोटेशनमध्ये धरून तिचे पैसे बिनदिक्कत मागावेत.