‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ : एका अक्षराचे मोल



महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये राज्यकारभाराची भाषा मराठी आहे. तथापि केंद्र शासनाशी होणारा पत्रव्यवहार व न्यायालयीन कामकाज यांमुळे इंग्रजीशी संबंध सुटलेला नाही. राज्यातील शाळांत २००० सालापासून इंग्रजीचे अध्यापन इयत्ता पहिलीपासूनच सुरू झाले आहे. अशा वेळी संख्या व परिमाण दर्शविणाऱ्या छोट्या इंग्रजी शब्दांकडे विशेष लक्ष देणे अगत्याचे ठरते.

टंचाईच्या अहवालाचे उदाहरण घ्यावे. ‘फ्यू वेल्स हॅव वॉटर’ म्हणजे फारच थोड्या विहिरींना पाणी आहे. परिस्थिती बिकट आहे. ‘अ फ्यू वेल्स हॅव वॉटर’ म्हणजे काही विहिरींना पाणी आहे. अजून आधार आहे. मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी ही जोडी. पाणी, चारा यांसारख्या न मोजता येणाऱ्या पदार्थांसाठी ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’. मराठीत दोहोंसाठी ‘थोडे’ हा शब्द चालून जातो, म्हणून चूक सहज घडते. एक ‘अ’ अधिक पडला, की टँकरची निकड कागदावर कमी भासू लागते.

दुसरी अडचण नकाराची. मराठीत ‘कोणीही आले नाही’ हे शुद्ध. परंतु त्यावरून बेतलेले ‘एनीबडी डिड नॉट कम’ हे अशुद्ध होय. तेथे ‘नोबडी केम’ असेच हवे. ‘ऑल व्हिलेजेस डिड नॉट गेट वॉटर’ हे वाक्य तर संदिग्धच. एकाही गावाला पाणी मिळाले नाही, की काहींना मिळाले व काहींना नाही? पहिल्या अर्थी ‘नन ऑफ द व्हिलेजेस गॉट वॉटर’ आणि दुसऱ्या अर्थी ‘नॉट ऑल द व्हिलेजेस गॉट वॉटर’ असे लिहावे. ‘ईच’ व ‘एव्हरीवन’ यांच्यापुढे क्रियापद एकवचनीच येते, हेही ध्यानी ठेवावे.

‘सम’ सामान्यतः होकारात येतो, ‘एनी’ नकारात व प्रश्नात. मात्र होकारार्थी वाक्यात ‘एनी’ आला, की त्याचा अर्थ ‘कोणताही’ असा सर्वव्यापी होतो. भारतीय संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचे ‘एनी फॉर्म’मधील, म्हणजे कोणत्याही स्वरूपातील, आचरण निषिद्ध ठरविले. तेथे ‘सम फॉर्म्स’ असे शब्द असते, तर उरलेल्या प्रकारांना पळवाट मिळाली असती. एका शब्दाने ती वाट बंद केली.

शिक्षकांनी हे शब्द नियमांची यादी पाठ करून घेण्याऐवजी गावची विहीर, वर्गाची हजेरी, रेशनचे धान्य यांच्या आधारे शिकवावेत. आणि अहवाल लिहिणाऱ्यांनी नेमकी संख्या ठाऊक असेल तेथे संख्याच लिहावी. ‘चाळीसपैकी तीन विहिरींना पाणी आहे’ या वाक्याचा दुसरा अर्थ कोणत्याही भाषेत लागत नाही.