कुमारवय आणि प्रेमकथा

कादंबऱ्या वाचून मुलें बिघडतात, ही तक्रार मराठी कादंबरीइतकीच जुनी आहे. एकोणिसाव्या शतकांतील वडील मंडळी ती करीत होती, फडके-खांडेकरांच्या काळांतील पालक करीत होते, आणि आज नवी मुंबईंत बाराव्या मजल्यावर राहणारे आईबापही तीच करतात. तक्रार करणाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं आपल्या लहानपणीं असलींच पुस्तकें उशीखालीं ठेवून वाचलेलीं असतात, ही गोष्ट अलाहिदा.

श्रोत्यांनीं वाशी, नेरूळ किंवा बेलापूर येथील एखादें घर डोळ्यांसमोर आणावें. मार्च १९७० मध्यें सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडे हें शहर आंखून वसविण्यांत आलें. दादर-गिरगांवांतून, कोंकणांतून आणि घाटावरून जीं कुटुंबें येथें राहावयास आलीं, त्यांतील कित्येकांनीं भांड्याकुंड्यांबरोबर पुस्तकांच्या पेट्याही आणल्या. अशा घरांत आजीनें फडके-खांडेकर जपून ठेवलेले असतात. आईच्या कप्प्यांत सुहास शिरवळकर आणि व. पु. काळे सांपडतात. आणि नात? नववीची परीक्षा संपून मिळालेल्या सुट्टीच्या एका महिन्यांत ती सात-आठ प्रेमकादंबऱ्यांचा फडशा पाडते, आणि त्या सगळ्या इंग्रजी असतात. त्यांतील नायिका अमेरिकेंतील कुठल्याशा गांवच्या शाळेंत शिकते. तिच्या दारांत बर्फ पडतो. शाळेंतील नृत्याच्या समारंभास आपणांस कोण बोलावील या काळजीनें तिला झोंप येत नाहीं. हीं पुस्तकें वाईट असतात असें मुळींच नाहीं. कांहीं तर फार चांगलीं असतात. परंतु महिना संपतां संपतां त्या मुलीला ओढ, मत्सर, हिरमोड, एकटेपणा या सर्वांचे इंग्रजी शब्द तोंडपाठ झालेले असतात, आणि त्यांपैकीं एकाही गोष्टीविषयीं आजीपाशीं मराठींत चार वाक्यें बोलण्याची पाळी आली तर ती अडखळते. तिनें काय वाचलें याची चौकशी घरांत होते. तिला काय वाचावयास मिळालें नाहीं, याची होत नाहीं.

तिला मराठींत असें पुस्तक सहजासहजीं कां सांपडत नाहीं, हें समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

प्रेमकथेला एक मोकळी जागा लागते: बाळपण सरल्यानंतरची आणि लग्न होण्यापूर्वींची. शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वींच्या पांढरपेशा मराठी घरांत मुलीच्या आयुष्यांत ती जागाच नव्हती. परकर सुटतो न सुटतो तोंच तिचें लग्न होऊन जात असे. संमतिवयाची मर्यादा दहा वर्षांवरून बारा वर्षांवर नेणारा कायदा १८९१ सालीं झाला, तेव्हां पुण्या-मुंबईंत केवढें वादळ उठलें हें सर्वश्रुत आहे. अशा समाजांत लेखकानें प्रेमिकांची भेट घडवून आणावयाची तरी कोठें? लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालची, आणि तिच्यामागून कांहीं वर्षांनीं रिसबुडांची 'मंजुघोषा' आली. या कादंबऱ्यांतील प्रणय अद्भुताच्या मुलखांत, राजवाड्यांत आणि रानावनांत चालतो. पुढील टीकाकार त्यांस हांसले. परंतु खऱ्या गांवांतील खऱ्या घरांत अविवाहित तरुण-तरुणींना एकमेकांशीं दोन शब्द बोलणें अशक्य होतें, तेव्हां लेखक राजकन्येच्या शोधांत निघाला यांत त्याचा दोष तो कितीसा?

हरि नारायण आपट्यांनीं हा पेंच निराळ्या रीतीनें सोडविला. १८९० सालीं सुरू झालेल्या 'करमणूक' पत्रांतून त्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी क्रमशः येऊं लागली. तिच्यांतील यमूचें लग्न लहानपणींच होतें. तिच्या दुःखांची आठवण सगळे ठेवतात. पण मुंबईच्या बिऱ्हाडांत नवऱ्यापाशीं बसून ती लिहावयास-वाचावयास शिकते, ते थोडे दिवस या कादंबरींतील प्रेमकथाच होत. घरगुती मराठींत लिहिलेली पहिली जिवंत प्रेमकथा अशी लग्नानंतरची आहे, आणि तिचा प्रारंभ मुळाक्षरांपासून होतो. वैधव्य आल्यावर त्याच यमूचें जें होतें तें वाचून कोणाही वाचकाचें मन आजही विदीर्ण झाल्यावांचून राहत नाहीं.

पुढें मुली शाळेंत गेल्या, मग कॉलेजांत गेल्या. १९२९ च्या सारडा कायद्यानें मुलीच्या लग्नाची किमान मर्यादा चौदा वर्षांची आणि मुलाची अठरा वर्षांची ठरविली. फडक्यांची 'दौलत'ही त्याच वर्षीं प्रसिद्ध झाली. हा केवळ योगायोग असेल, पण बोलका आहे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या ना. सी. फडक्यांना आपल्या नायक-नायिकांसाठीं राजवाडा शोधावा लागला नाहीं. कॉलेजचें आवार, टेनिसचें मैदान आणि एखादी मोटार एवढ्यांत त्यांचें काम भागलें. तिकडे शिरोड्याच्या शाळेंत १९२० पासून शिक्षकी करणाऱ्या वि. स. खांडेकरांनीं आपल्या प्रेमिकांच्या डोक्यावर ध्येयवादाचें बरेंच ओझें दिलें. १९३४ सालच्या 'उल्के'ची नायिका आधीं विचार करते आणि मग प्रेम करते. कला श्रेष्ठ कीं जीवन श्रेष्ठ, हा वाद दोघांच्या नांवानें इतका गाजला कीं, या दोघांचीं पुस्तकें एकाच उशीखालीं सांपडत असत ही साधी गोष्ट बाजूलाच राहिली. १९३३ मध्यें विभावरी शिरूरकर या नांवानें 'कळ्यांचे निःश्वास' बाहेर पडलें. शिकलेल्या, मिळवत्या आणि अविवाहित मुलींच्या मनांत काय चालतें तें त्यांत उघड लिहिलें होतें. तें नांव मालतीबाई बेडेकरांचें, हें पुढें सर्वांस कळलें. पण त्या वेळीं लेखिकेस टोपणनांवाचा आडोसा घ्यावा लागला, यावरूनच समाजाची मनःस्थिति कळून येते.

हीं सारीं पुस्तकें प्रौढांसाठीं लिहिलेलीं होतीं. मुलांसाठीं जें वाङ्मय झालें तें वेगळ्याच वाटेनें गेलें. ताम्हनकरांचा गोट्या आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे यांनीं दोन-तीन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. फुरसुंगीचा हा बनेश फेणे सायकलीवरून चोरांचा पाठलाग करतो, संकटांतून निसटतो, पण वीस पुस्तकें होऊनही त्याला मिसरूड फुटत नाहीं. बालभारतीनें १४ नोव्हेंबर १९७१ रोजीं 'किशोर' मासिक सुरू केलें. चांगल्या लेखकांनीं त्यांत लिहिलें, आणि त्याचे जुने अंक आतां संगणकावरही वाचावयास मिळतात. पण मासिकाचें नांव 'किशोर' असलें तरी किशोरवयाची जी मुख्य खळबळ, तिच्याविषयीं तेथें मौनच होतें. शालेय मासिकास तें भाग होतें असें म्हणावें लागेल. परिणाम मात्र असा झाला कीं, फास्टर फेणे संपला कीं मुलगा एकदम फडक्यांवर किंवा त्याहूनही भडक पुस्तकांवर येऊन पडे. मधली पायरीच नव्हती.

ही पायरी नसल्यामुळें काय होतें, याचा विचार एकदां देशाच्या सर्वोच्च न्यायालयासही करावा लागला. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकांत छापून आली. ती अश्लील आहे असा खटला झाला. खालच्या न्यायालयानें आरोपींस सोडलें, उच्च न्यायालयानें लेखकास दोषी धरलें, आणि २५ ऑगस्ट १९६९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती शिक्षा रद्द केली. कोंवळ्या वयाच्या वाचकांवर परिणाम होईल, हा आक्षेप न्यायालयासमोर होता. त्यावर न्यायमूर्तींच्या म्हणण्याचा आशय असा कीं, स्त्रीपुरुषसंबंधाचा नुसता उल्लेख झाला म्हणून पुस्तक त्याज्य ठरवावयाचें असेल, तर या वयाच्या मुलांना कादंबरी म्हणून वाचतांच येणार नाहीं, केवळ धार्मिक ग्रंथ वाचावे लागतील. गंमत अशी कीं, त्याच काकोडकरांच्या 'नीलांबरी' कादंबरीवरून त्याच वर्षीं 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट निघाला, आणि तो घरोघरच्या मंडळींनीं मुलाबाळांसह पाहिला.

इकडे हा खटला चालू असतां अमेरिकेंत १९६७ सालीं एस. ई. हिंटन या मुलीनें 'द आउटसायडर्स' ही कादंबरी प्रसिद्ध केली. ती लिहावयास तिनें शाळेंत असतांनाच आरंभ केला होता. शाळकरी वयाविषयीं त्याच वयाच्या मुलीनें लिहिलेलें पुस्तक असा त्याचा बोलबाला झाला, आणि प्रकाशकांच्या ध्यानांत आलें कीं, बालवाचक आणि प्रौढवाचक यांच्यामधें एक तिसरा वाचक उभा आहे. त्याच्यासाठीं तेथें निराळीं पुस्तकें निघूं लागलीं, ग्रंथालयांतून निराळीं कपाटें लागलीं. नवी मुंबईंतील नातीच्या हातांत येऊन पोहोंचलेलीं पुस्तकें त्याच कपाटांतलीं.

मराठींत असें कपाट लागलें नाहीं, पण त्यांत ठेवण्याजोगीं पुस्तकें झालीं आहेत, आणि तीं बहुधा मोठ्यांच्या कपाटांत चुकून जाऊन बसलीं आहेत. शिरवळकरांची 'दुनियादारी' १९८२ सालची. पुण्याच्या कॉलेजांतील कट्ट्यावरची मैत्री आणि प्रेम यांची ती कथा समीक्षकांनीं फारशी मनावर घेतली नाहीं. मुलांनीं मात्र तिचीं पानें सुटेपर्यंत वाचली, आणि २०१३ सालीं तिच्यावर चित्रपट निघाला तेव्हां त्यांचीं मुलें ती वाचूं लागलीं. तिच्यांत भावनेचा पूर थोडा जास्त आहे. त्या वयांत तो असतोच.

तिच्याहून फार वरच्या दर्जाचीं दोन नांवें घ्यावयाचीं तर पहिलें प्रकाश नारायण संतांचें. 'वनवास' हें त्यांचें पुस्तक १९९४ सालीं आलें, आणि 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' हीं त्याच्यामागून. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांपाशीं बेळगांवकडच्या गांवांत राहणारा लंपन त्यांत आपली हकीकत सांगतो. शेजारची सुमी त्याला आवडते. पण 'आवडते' हा शब्द त्याला सांपडलेला नाहीं, म्हणून तो भलतेंच कांहींतरी बोलतो, 'मॅड' हा आपला लाडका शब्द सगळीकडे लावतो, आणि वाचकाला सारें समजतें. कानडी वळणाची ती मराठी नवी मुंबईंत वाढलेल्या मुलांस प्रथम थोडी परकी वाटते. दहा पानांनंतर वाटत नाहीं.

दुसरें नांव मिलिंद बोकीलांच्या 'शाळा' या कादंबरीचें. ती २००४ सालीं प्रसिद्ध झाली. काळ आणीबाणीचा, मुकुंद जोशी नववींत शिकतो आणि वर्गांतील शिरोडकर त्याच्या मनांत भरते. तिचें पहिलें नांव वाचकाच्या लक्षांत राहत नाहीं, कारण नववींतलीं मुलें मुलींना आडनांवानेंच ओळखतात. अर्धवट बांधलेल्या एका इमारतींत बसून चार मित्र जगांतील सर्व प्रश्नांचा निकाल लावतात. तिच्यांत मोठेंसें कांहींच घडत नाहीं. एक मुलगा एका मुलीच्या पाठोपाठ वर्षभर चालतो, तिच्याशीं बोलतो, आणि अखेर ती गांव सोडून जाते. एवढ्याशा कथेंत मोठीं माणसें त्या वयाकडे किती आंधळेपणानें पाहतात, हें जसें दिसतें तसें उपदेशाच्या दहा पुस्तकांतून दिसणार नाहीं. ही कादंबरी मुलांसाठीं म्हणून छापलेली नाहीं, आणि नववींतल्या मुलाविषयीं मराठींत याहून खरें पुस्तक नाहीं.

तेव्हां पुढील सुट्टीच्या महिन्यांत आजीच्या आणि आईच्या कपाटांचीं दारें उघडीं ठेवून पाहावें. इंग्रजी पुस्तकें काढून घेण्याचें कारण नाहीं. त्यांच्या शेजारीं हीं ठेवावीं, आणि कोणतें आधीं वाचावयाचें तें मुलीवर सोपवावें. आजीनें आपलीं फडक्यांचीं पुस्तकें स्वतः कोणत्या वर्षीं, कोणापासून लपवून वाचलीं तेंही सांगितल्यास हरकत नाहीं. एवढी एक काळजी घ्यावी: 'शाळा' मुलांच्या हातीं देतांना तिच्यांतील शिव्यांवर आणि वर्गांतल्या बोलीवर पेन्सिल फिरवूं नये. ते शब्द मुलांना आधींच ठाऊक असतात.